रिकामी खुर्ची त्याच दिवशी दिसली पाहिजे: ज्येष्ठांच्या मंडळातले सभासद टिकवायचे कसे

वर्गणीची तारीख जवळ आली की सगळ्या मंडळांत एकच बोलणं सुरू होतं, अरे यंदा दहा-बारा जण कमी झाले, काय करायचं. मग कार्यकारिणीची मीटिंग होते, एक सहल काढू, एखादं व्याख्यान ठेवू, वर्गणी थोडी कमी करू असं काहीतरी ठरतं आणि पुढच्या वर्षी परत तेच. मी गेली अकरा वर्षं आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाची हजेरीची वही सांभाळतोय आणि त्या वहीतून मला एवढं पक्कं कळलंय की हे लोक वर्गणीच्या दिवशी जात नाहीत. ते सहा-आठ महिने आधीच गेलेले असतात. कुठल्यातरी आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी राहिली, पुढच्या आठवड्यातही राहिली, तिसऱ्या आठवड्यात तिथे दुसरं कोणीतरी बसलं आणि आपल्या ध्यानातही आलं नाही. त्यांच्या मात्र ध्यानात आलेलं असतं, की आपण तीन आठवडे गेलो नाही आणि एकाचाही फोन आला नाही.

म्हणून सभासद टिकवणं हे वर्षातून एकदा करायचं काम नाही, ते दर आठवड्याचं काम आहे आणि ते एका माणसाच्या अंगावर ठरवून टाकावं लागतं. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

आधी वही नीट करा

बऱ्याच ठिकाणी दारात एक वही ठेवलेली असते, येणारा सही करतो आणि आत जातो. ती सहीची वही झाली, हजेरीची नव्हे. सहीच्या वहीत कोण आलं ते दिसतं, आपल्याला कोण आलं नाही ते बघायचंय. तेव्हा सगळ्या सभासदांची नावं एकाखाली एक लिहा, वर तारखा घाला, आलेल्यापुढे टिंब द्या आणि न आलेल्याची जागा कोरी सोडा, बस. कोरे चौकोन आडवे वाचायला लागलात की सगळं आपोआप समजतं. अमुक काकू आधी चारपैकी चार वेळा यायच्या, मग तीन, मग दोन, हे असं उतरत जाणं सहीच्या वहीत कधीच दिसणार नाही.

आमचा नियम साधा आहे. एक खाडा झाला तर काही करायचं नाही, माणसाला घरचं काम असतं. लागोपाठ दोन झाले की त्याच संध्याकाळी फोन. तीन झाले आणि फोनवर नीट काही कळलं नाही, तर दोघांनी आधी विचारून घरी जाऊन यायचं. फोन शक्यतो सेक्रेटरीने करू नये, कारण सेक्रेटरीचा फोन आला की माणसाला वाटतं वर्गणीसाठीच आला. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने करावा. आणि त्या फोनमध्ये वर्गणीचं नाव चुकूनसुद्धा काढायचं नाही.

फोनवर काय बोलायचं यालाही थोडी तयारी लागते. "का आला नाहीत?" हा मास्तरांचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर म्हणून माणूस सबबच सांगतो. त्यापेक्षा असं बोला, "काका, परवा रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हचा विषय निघाला आणि कोणालाच धड सांगता येईना, म्हटलं तुम्हाला विचारावं". म्हणजे तुमच्यावाचून काहीतरी अडलंय हे त्यांना कळतं. अर्थात ते खरं असलं पाहिजे, बनवून सांगितलेलं या वयाच्या माणसांना लगेच ओळखू येतं. मी म्हणूनच कार्यक्रम चालू असताना वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवतो, कोणत्या विषयावर कोणाची आठवण निघाली ते. एक ओळ पुरते.

पहिलं कारण खरं नसतं

फोन केला की ऐकायला मिळतं, पाहुणे होते, गुडघा दुखतोय, बघू पुढच्या वेळी. यातलं काही अगदी खोटं नसतं, पण येणं थांबलं त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं आणि ते तिसऱ्या-चौथ्या फोनला बाहेर पडतं, कारण ते सांगायला संकोच वाटतो.

सगळ्यात जास्त माणसं कशाने गळतात असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ऐकू न येण्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार ६० वर्षांपुढच्या माणसांत २५ टक्क्यांहून जास्त लोकांना रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये चाळीस जण बसले असतील तर त्यातले दहा जण तरी अंदाजाने ऐकत असणार. आणि वयामुळे ऐकू कमी येतं ते सरसकट सगळंच हळू येतं असं नाही, आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, स, श, फ असली अक्षरं. त्यामुळे "आवाज येतो पण शब्द कळत नाही" अशी गत होते. वर पंखे फिरतायत, मागे दोघे कुजबुजतायत, माइक घुमतोय, म्हणजे मग संपलंच.

आमच्याकडे एक काका होते, निवृत्त शिक्षक, दर आठवड्याला सगळ्यांच्या आधी येणारे. त्यांचं येणं हळूहळू कमी झालं. फोनवर म्हणायचे तब्येत बरी आहे हो, सहजच नाही जमलं. एके दिवशी ते आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसलो. कोणीतरी विनोद सांगितला, सगळे हसले, काका पण हसले, पण अर्ध्या सेकंदाने. बोलणाऱ्याकडे न बघता ते शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो हसला की हसायचं. दोन तास तो माणूस नुसता इतरांचे चेहरे वाचत बसला होता. घरी जाऊन किती थकत असतील, आणि घरी तरी हे कोणाला सांगणार? मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण आम्ही वर्षभर त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होतो.

त्यानंतर आम्ही जे केलं त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत. खुर्च्यांच्या रांगा मोडून गोल किंवा घोड्याच्या नालेसारख्या मांडल्या, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसतं, कारण कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ओठांवरून वाचत असतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो. ज्यांना त्रास आहे त्यांच्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून, म्हणजे मागून येणारा गोंगाट कमी होतो. एका वेळी एकानेच बोलायचं आणि माइक सगळ्यांनी वापरायचा. "मला माइकची गरज नाही, माझा आवाज मोठा आहे" असं म्हणणारे प्रत्येक मंडळात दोघं-तिघं असतात, त्यांना प्रेमाने पण ठामपणे माइक हातात द्यायचा. ओरडून बोलल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत उलट फाटतात, तेव्हा थोडं सावकाश आणि समोर बघून बोला. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना थेट यंत्रात आवाज पोचवणारी, लूप म्हणतात ती सोय असते, मंडळाकडे पैसे असतील तर भारी सतरंज्या-पडद्यांच्या आधी ती घ्या. काका परत यायला लागले. आता वाचनाचा तास तेच घेतात.

दुसरं न सांगितलं जाणारं कारण म्हणजे बाथरूम. याबद्दल लिहायला लोक लाजतात पण मी लिहिणार, कारण यापायी कितीतरी चांगली माणसं घरात बसलीयत. ब्लडप्रेशरच्या किंवा हृदयाच्या दुखण्यात जी लघवीची गोळी देतात ती बहुतेकांना सकाळी घ्यायला सांगितलेली असते, म्हणजे रात्री झोपमोड होत नाही. पण मग सकाळचे पुढचे काही तास सारखं जावं लागतं. आणि आपल्या मंडळांच्या मीटिंगा कधी असतात तर सकाळी नऊ-दहाला! काही लोक मग कार्यक्रमाच्या दिवशी गोळीच टाळतात, ते तर फारच धोक्याचं, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बदलू नये. वेळ मंडळाने बदलावी. आम्ही दहाची मीटिंग दुपारी चारला नेली आणि एकही पत्रक न वाटता सात-आठ माणसं परत दिसायला लागली. शिवाय दर पाऊण तासाला दहा मिनिटं सुट्टी, ती जाहीर करायची "पाय मोकळे करून घ्या" म्हणून, म्हणजे मधेच उठायची लाज राहत नाही. दाराजवळच्या चार-पाच खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या. बाथरूममध्ये धरायला दांडा, कोरडी फरशी, चालू दिवा, आणि आतून लागलेली कडी गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी. जागा भाड्याने घेताना हॉल बघायच्या आधी मी बाथरूम बघतो, आणि जिने मोजतो.

बाकी कारणं तुम्हाला माहीतच आहेत. अंधार पडल्यावर गाडी चालवता येत नाही, मोतीबिंदू असला की समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून कार्यक्रम उजेडात संपवा. सोडायला-आणायला कोण, याची यादी करून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या जोड्या लावून द्या. नातवंडं सांभाळणाऱ्यांना शाळा सुटायच्या आत मोकळं करा. यासाठी एकच करायचं, वर्षातून एकदा चिठ्ठीवर नाव न घालता विचारायचं की कोणती वेळ अडचणीची आहे. हात वर करायला सांगाल तर खरं उत्तर मिळणार नाही.

जोडीतलं एक गेल्यावर

ही चूक आमच्याच मंडळात झालीय, म्हणून मनापासून सांगतो. आमच्याकडे जोडप्याचं एकच सभासदत्व असायचं, नाव नवऱ्याचं आणि पुढे "व सौ." एवढंच. एक काका वारले. शोकसभा झाली, दोन मिनिटं उभे राहिलो, सगळं रीतसर. काकू यायच्या बंद झाल्या, आम्ही म्हटलं दुःखात आहेत, त्रास देऊ नये. आणि मग वर्गणीच्या महिन्यात यादीवरून सगळ्यांना मेसेज गेले तसा एक मेसेज काकांच्या नावाने गेला, "आपले सभासदत्व संपत आहे". काकूंनी तो वाचला. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मुलीने मला सांगितलं की आई दिवसभर फोन हातात धरून बसली होती. आमच्या वहीत त्या बाईंचं स्वतःचं नावच नव्हतं. आठ वर्षं येत होत्या, गाणी म्हणायच्या, आणि नाव नाही.

तेव्हापासून प्रत्येकाचं नाव वेगळं, नंबर वेगळा, वर्गणीत जोडप्याला सवलत द्या पाहिजे तर, पण ओळ दोघांची वेगळी. सभासद वारला की त्याच दिवशी मेसेजच्या याद्यांमधून नंबर काढायचा, हे कोणी करायचं ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आणि मागे राहिलेल्या माणसाला फोन करायचा तो लगेच तर कराच, पण खरा फोन दीड-दोन महिन्यांनी. पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेलं असतं, त्यानंतर सगळे आपापल्या कामाला जातात आणि घर रिकामं होतं, तेव्हा आपली गरज असते. "या ना मंडळात" एवढ्याने कोणी येत नाही, जो माणूस जन्मभर जोडीने आला त्याला त्या दारातून एकट्याने आत यायचं असतं आणि ते फार अवघड आहे. घरी जाऊन बरोबर घेऊन या, आत शेजारी बसा आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासात निघावंसं वाटलं तर परत सोडायची तयारी ठेवा. बऱ्याचदा दोघांमधलं एक बोलकं असतं आणि दुसरं त्याच्या आधाराने बसलेलं, मग बोलकं गेलं की दुसऱ्याशी काय बोलायचं तेच कोणाला सुचत नाही. त्यांना कशाची आवड आहे ते जोडी असतानाच माहीत करून घेतलेलं बरं.

नवीन माणूस तीन वेळा आला म्हणजे आला

नवीन सभासदाचं सगळं पहिल्या तीन भेटींत ठरतं असं माझं निरीक्षण आहे. पहिल्यांदा तो कुतूहलाने येतो, दुसऱ्यांदा भिडेखातर येतो, तिसऱ्यांदा कोणीतरी ओळखीचं झालं असेल तरच येतो. तेव्हा फॉर्म भरून घेतला, टाळ्या वाजवल्या, फूल दिलं आणि मग त्याला कोपऱ्यात बसवून सगळे आपापल्या कंपूत गेले असं होऊ देऊ नका. पहिल्या तीन वेळा एक सोबती नेमून द्या, तो अध्यक्ष नको, गप्पिष्ट आणि साधा माणूस हवा, शक्यतो स्वतःच वर्ष-दोन वर्षांपूर्वी आलेला, कारण नवखेपण कसं असतं ते त्याला आठवत असतं. त्याचं काम एवढंच, दारात भेटायचं, शेजारी बसायचं, दर वेळी दोन नवीन माणसांशी ओळख करून द्यायची. एकदम वीस जणांची ओळख करून दिली तर एकही नाव लक्षात राहत नाही.

नावाचे बिल्ले सगळ्यांनी लावायचे, जुन्यांनी सुद्धा. अक्षर हाताच्या अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं, फक्त नाव, हुद्दा-पदव्या काही नको. जुन्या लोकांनाही नावं आठवत नाहीत पण ते विचारायला लाजतात, मग नाव न घेता बोलतात, मग हळूहळू बोलतच नाहीत. एका साध्या बिल्ल्याने हे सगळं वाचतं.

आणि खुर्च्या. "ही त्यांची जागा आहे हं" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि दर वेळी नवीन माणसाचा चेहरा उतरलेला पाहिलाय. ज्यांना ऐकण्याची, पाठीची, बाथरूमची अडचण आहे त्यांच्या जागा पक्क्या, बाकी कोणाची जागा नाही, असं एकदा सर्वांसमोर ठरवून टाका.

माणसाला काम द्या

प्रेक्षक म्हणून येणारा माणूस पाऊस आला तरी घरी बसतो, पण ज्याच्याकडे किल्ली आहे तो येतोच. हे मी अनुभवाने सांगतोय. ज्याचं येणं कमी होतंय त्याला "येत जा" असं नुसतं सांगू नका, त्याला काहीतरी सोपवा, पण पेलेल असं आणि खरं. पुस्तकांची नोंद, माइकची बॅटरी, वाढदिवसांची यादी, खेळाच्या पटांची मोजणी, नवीन आलेल्याला घेऊन बसणं. हातात काम असलं की माणूस पाहुणा राहत नाही.

जगात जिथे ज्येष्ठांच्या संस्था टिकल्यात त्या याच पायावर टिकल्यात असं दिसतं. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली थर्ड एज म्हणजे निवृत्तीनंतरच्या वयातल्या लोकांसाठी विद्यापीठ सुरू झालं, ते तिथल्या विद्यापीठाच्या आधारावर चालायचं. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना ब्रिटनमध्ये गेली तेव्हा त्यांनी तिचं रूपच बदललं, प्राध्यापक वगैरे कोणी नाही, सभासदच एकमेकांना शिकवणार. कोणाला पक्षी कळतात, कोणाला हिशेब, कोणाला एखादी भाषा, ज्याला जे येतं त्याचा त्याने गट चालवायचा आणि बाकीच्या गटांत शिकायला बसायचं. आपल्याला विद्यापीठ काढायचं नाहीये, पण हे छोट्या प्रमाणात कुठेही जमतं. सभासदाच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवा, "मला हे येतं" आणि "मला हे शिकायचंय". दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की तुमचा सहा महिन्यांचा कार्यक्रम तयार, बाहेरचा वक्ता शोधत फिरायला नको.

पुरुष सभासदांचं एक वेगळंच असतं. खुर्चीत बसवून "मन मोकळं करा" म्हटलं की गप्प होतात, आणि तेच हातात पाना-पक्कड दिली की शेजारच्याला सगळं सांगून टाकतात. ऑस्ट्रेलियात मेन्स शेड म्हणून मोठी चळवळ उभी राहिली ती हेच ओळखून, एक शेड, त्यात अवजारं, लाकूडकाम-दुरुस्ती करायची आणि काम करता करता खांद्याला खांदा लावून बोलायचं. आमच्याकडे शेड नाही पण महिन्यातून एकदा दुरुस्तीचा दिवस असतो, बंद पडलेले पंखे, घड्याळं, छत्र्या आणायच्या. जे बाबा एरवी वर्षभर तोंड उघडत नाहीत ते त्या दिवशी बोलतात, आणि नवीन पुरुष सभासद जवळपास सगळे त्याच दिवशी पहिल्यांदा आलेत.

साठीतले लोक आणले नाहीत तर

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. समजा सभासद ६०, वर्षाला ८ कमी होतात आणि ३ नवे येतात, तर पाच वर्षांनी ३५ उरतील, आणि त्यातले जुने सगळे पाच वर्षांनी म्हातारे झालेले. म्हणजे खुर्च्या उचलायला, फोन करायला, गाडीने आणायला-सोडायला माणूसच नाही. मंडळं बंद पडतात ती भांडणाने कमी आणि या अशा हिशेबाने जास्त. दरवर्षी वार्षिक सभेआधी सभासदांच्या वयाचा तक्ता करा, साठीतले किती, सत्तरीतले किती, ऐंशीच्या पुढचे किती. साठीची रांग रिकामी दिसली की धोका समजायचा.

अडचण अशी की नुकता रिटायर झालेला माणूस स्वतःला ज्येष्ठ समजत नाही आणि त्यात त्याचं काही चूक नाही. त्याला "सभासद व्हा" म्हणून बोलावलं तर येणार नाही, "एका कामाला मदत हवी" म्हणून बोलावलं तर येईल. तीन महिन्यांचं, सुरुवात आणि शेवट असलेलं काम द्या, जुने फोटो स्कॅन करणं, सगळ्यांना फोनवरची फसवणूक कशी ओळखायची ते शिकवणं. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये जाहीर केलेला ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस १ ऑक्टोबरला असतो, तो दिवस आपल्याच लोकांचे सत्कार करण्यात घालवू नका, त्या दिवशी दार बाहेरच्यांसाठी उघडा, प्रत्येक सभासदाने आपल्याहून दहा वर्षांनी लहान एक माणूस आणायचा.

आणि आलेल्या नव्या माणसाने काही सुचवलं की "आमच्याकडे हे आधी करून झालंय" असं म्हणायचं नाही. पदं दोन-तीन वर्षांनी फिरली पाहिजेत. एकच अध्यक्ष पंधरा वर्षं असला की तो कितीही चांगला असो, इतरांना वाटतं हे त्यांचं मंडळ आहे, आपलं नाही. प्रत्येक पदाला एक उप नेमा आणि त्याला खरोखर काम करू द्या.

निरोप पोचतोय का ते तपासा

व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप करा, एक फक्त सूचनांचा जिथे अॅडमिनच लिहू शकतो आणि दुसरा गप्पांचा. एकच असला की शंभर सुप्रभातच्या चित्रांखाली मीटिंगची वेळ बुडून जाते, आणि राजकारणावरून दोघांचं वाजलं की दोघेही मंडळच सोडतात, ग्रुप नव्हे. ब्रॉडकास्टने मेसेज पाठवत असाल तर एक लक्षात ठेवा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. आमचे काही सभासद वर्षभर "आम्हाला कळवत नाहीत" म्हणून नाराज होते आणि आम्ही म्हणत होतो आम्ही तर पाठवतो, दोघेही खरेच. नवीन सभासदाचा फोन हातात घेऊन, त्याच्या परवानगीने, नंबर तिथल्या तिथे सेव्ह करून द्या.

ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी फोनची साखळी. एकाने पाच जणांना फोन करायचा, त्या पाचांनी प्रत्येकी पाच जणांना, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात ३० घरी निरोप जातो. साखळीचा खरा फायदा निरोपापेक्षा वेगळा आहे, एकट्या राहणाऱ्याने फोन उचलला नाही तर ते कोणालातरी त्याच दिवशी कळतं. साखळीतल्या प्रत्येकाकडे पुढच्याच्या घरच्या किंवा शेजारच्या एका माणसाचा नंबर असायलाच हवा.

पैशाचं थोडक्यात. ज्याला वर्गणी जड जातेय त्याची माफ करायची, आणि ते फक्त खजिनदार आणि अजून एकालाच माहीत असावं. "वर्गणी न भरलेल्यांची यादी" फळ्यावर कधीही लावू नका.

जे येऊच शकत नाहीत

अंथरुणाला खिळलेले, मुलाकडे दुसऱ्या गावी गेलेले, आजारी नवऱ्याला किंवा बायकोला सोडून निघता न येणारे, यांना वहीतून काढायचं का? नाही. त्यांची वर्गणी बंद करा, नाव ठेवा. रोटरी क्लबची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोला झाली तेव्हा बैठका आळीपाळीने सभासदांच्या ऑफिसात होत म्हणून ते नाव पडलं, तसं आपणही महिन्यातून एक छोटी बैठक अशा एकाच्या घरी नेऊ शकतो, चार-पाच जण, तासभर, घरच्यांना विचारून आणि त्यांच्यावर पाहुणचाराचा बोजा न टाकता. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला त्या तासात बाहेर एक चक्कर मारून येता येते, आम्हाला एका काकूंनी सांगितलं की आठवड्यात मी एवढीच बाहेर पडते.

विसरायला लागलेल्या सभासदाचंही तसंच. तो तीच गोष्ट परत सांगतो, हळूहळू आजूबाजूची माणसं उठून जातात, मग घरचेच त्याला आणायचं बंद करतात. हे होऊ देऊ नका. त्याच्या शेजारी बसणारे तिघं-चौघं ठरवा, आळीपाळीने, आणि त्याला जुनी सवयीची कामं द्या, पत्ते पिसणं, गाण्याचं पुस्तक वाटणं. घरच्यांशी आधी बोलून घ्या, परत जाताना एकटं सोडायचं नाही.

आणि कोणी बऱ्याच दिवसांनी परत आलं तर दारातच "अरे वा, आज इकडे कसे, किती महिन्यांनी!" असं सगळ्यांदेखत करू नका. तुम्ही आनंदाने बोलता पण त्याला हिशेब विचारल्यासारखं वाटतं. आमच्या नावाच्या बिल्ल्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, न येणाऱ्यांचे बिल्ले आम्ही त्यातून काढत नाही, फक्त महिन्यातून एकदा सगळे पुसून परत वर्णानुक्रमे लावतो. मागच्या वर्षी एक आजी दीड वर्षाने आल्या, मुलीचा हात धरून, काठी घेऊन. टेबलाशी येऊन म्हणाल्या माझा बिल्ला आता नसेल, कागदावर लिहून द्या नाव. मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी स्वतःच चाळून आपला काढला, उलटसुलट करून बघितला, पिन जरा कडक झाली होती म्हणून मुलीला लावायला सांगितली, आणि नेहमीच्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे चालायला लागल्या.